आपला माणूस आणि आपला हिशोब



जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि महापालिका यांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्यानंतर लागल्या. त्याही सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं म्हणून. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पिंपरी-चिंचवड महापालिकेचीही त्याच महिन्यात संपली. तेव्हापासून दोन्हीकडे प्रशासक कारभार बघत होता. साडेतीन वर्षांहून जास्त काळ रस्ता, शाळा, पाणी यावर जाब विचारायला निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. आणि खरं सांगायचं तर आपल्या बऱ्याच लोकांना तो नसल्याचं कळलंसुद्धा नाही. यातच सगळं आलं.

निवडणुकीचा विषय काढला की महाळुंगे, निघोजे, भोसरी, मोशीच्या खोल्यांवर राहणारी आपली पोरं काय म्हणतात ते प्रत्येक कार्यकर्त्यानं ऐकलंय. "कुणीबी आला तरी आपल्याला काय फरक पडतो? पैसे देतील ते घ्यायचे, मत टाकायचं, दुसऱ्या दिवशी शिफ्टला जायचं." ही पोरं आळशी नाहीत. आहुपे, नायफड, भोरगिरी, हातवीजकडची ही पोरं बारावी झालेली, आयटीआय झालेली आहेत. बारा-बारा तास उभं राहून काम करतात. ठेकेदार बदलला की नोकरी परत पहिल्यापासून. पाच वर्षं त्याच मशीनवर काम केलेला पोरगाही कागदावर नवीनच असतो. गावी भात लावायला सुट्टी मागितली तर उद्यापासून येऊ नको म्हणतात. या पोरांना आपण "तुम्हाला समाजाचं काही पडलं नाही" असं म्हणून मोकळं व्हायचं का? या अंकाचं म्हणणं असं की नाही. त्यांचा विश्वास का गेला ते आधी बघायला हवं. तो आपोआप गेला नाही. तो खाल्ला गेलाय.

कसा खाल्ला ते बघा.

३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला. १५१ माणसं गेली. सगळा महाराष्ट्र हळहळला, मदत आली, पुढारी आले. नवीन माळीण आमडे गावाजवळ बांधलं आणि २ एप्रिल २०१७ ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्यानंतरच्या पहिल्याच पावसात, जून महिन्यात, नव्या गावातले रस्ते खचले, भराव वाहून गेला, घरांजवळची जमीन दबली. आधीच घरदार मातीखाली गेलेली माणसं परत घाबरून बाहेर आली. मेलेल्या माणसांच्या नावानं बांधलेलं गाव सुद्धा एक पावसाळा नीट काढू शकत नाही, हे ज्या पोरानं दहा-बारा वर्षांचा असताना बघितलं, तो आज मोठा झालाय. त्याला आपण कुठल्या तोंडानं सांगायचं की सरकारवर विश्वास ठेव?

दुसरी गोष्ट आपल्याच खात्याची, म्हणजे आदिवासी विकास विभागाची. २००४ ते २००९ या काळात आदिवासींच्या नावानं ऑईल इंजिनं, गॅस शेगड्या, दुभती जनावरं अशा योजना निघाल्या. त्यात इतका गोंधळ झाला की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं २०१४ साली निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांची समिती नेमली. २०१७ साली समितीचा अहवाल आला आणि घोटाळा झाल्याचं त्यात पानोपानी लिहिलेलं होतं. मग सरकारनं काय केलं? त्या अहवालावर काय कारवाई करायची ते ठरवायला आणखी एक समिती नेमली. जे इंजिन आपल्या विहिरीवर बसायला पाहिजे होतं ते कागदावरच चाललं, कागदावरच बंद पडलं. आणि त्या काळातले मंत्री, पुढारी, सोसायटीचे चेअरमन यांच्यात आपलेही लोक होते. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहायला पाहिजे.

तिसरी गोष्ट नोकऱ्यांची. खोटे दाखले काढून आपल्या राखीव जागांवर बसलेल्यांचा विषय नवीन नाही. ६ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट निकाल दिला की जातीचा दावा खोटा ठरला तर नोकरी आणि प्रवेश यांना संरक्षण नाही. त्यानंतर सरकारनंच हिशोब केला तर अशा साडेबारा हजार जागा निघाल्या. २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयानं काय ठरवलं? खोट्या दाखल्यावाल्यांना अधिसंख्य पदावर घ्यायचं. म्हणजे त्यांचा पगार चालू आणि आपल्या पोरांची भरती मात्र "होणार आहे, होणार आहे" म्हणत वर्षानुवर्षं रखडलेली. पेसा भरतीचंही तसंच. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयाच्या जाळीवर उड्या मारल्या. सत्तेत बसलेल्या, उपाध्यक्षाच्या खुर्चीवर असलेल्या आदिवासी माणसाला आपलं म्हणणं ऐकवायला जाळीवर उडी मारावी लागते, तर चाकणच्या कंत्राटी कामगारानं कुठं उडी मारायची? त्याच्याखाली तर जाळीही नाही.

चौथी गोष्ट निधीची. आदिवासी उपयोजनेचा पैसा आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्यासाठीच खर्च करायचा असं धोरण आहे. मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले. बहिणींना पैसे मिळू नयेत असं कुणी म्हणत नाही. आपल्या आयाबहिणींनाही ते मिळतात. पण आश्रमशाळेच्या पोरींच्या ताटातलं काढून तिच्याच आईच्या हातावर ठेवायचं आणि वर फोटो काढायचा, याला काय म्हणायचं?

आता जमिनीकडे येऊ, कारण आपली संघटना जमिनीची आहे आणि सगळ्यात मोठा खेळ इथंच चाललाय.

पिंपरी-चिंचवड वाढलं पवनेच्या पाण्यावर. चाकण वाढलं खेड तालुक्याच्या जमिनीवर. पवना धरणात जमीन गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षं झाली तरी पूर्ण सुटलेला नाही. डिंभे धरणात आंबेगावची आपली गावं गेली. भामा आसखेडचं पाणी आता पुणे शहरात पोचलंय, पण धरणाच्या कडेच्या वाडीवरच्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन चढ चढतात. खेडच्या पूर्वेला कनेरसर, निमगाव, दावडी, गोसासीच्या शेतकऱ्यांची जमीन सेझला गेली. पंधरा टक्के परतावा देऊ असं सांगितलं होतं, त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ते तर सातबारा असलेले, ताकदीचे शेतकरी. मग ज्या कातकऱ्याची वाडीच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी आहे, त्याचं काय? मावळात आणि खेडमध्ये जागेला सोन्याचा भाव आला तसा मालक म्हणायला लागला, "झोपड्या काढा, प्लॉटिंग करायचंय."

आणखी एक गोष्ट आपल्या पोरांना माहीत नसते. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र फक्त आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या काही गावांत आहे. खेड आणि मावळची आदिवासी गावं त्यात नाहीत. म्हणजे जिथं कारखाने वाढतात, जिथं जमिनीवर सगळ्यात जास्त डोळा आहे, तिथंच पेसा नाही. विधानसभेत आदिवासींसाठी २५ जागा राखीव आहेत, त्यातली एकही पुणे जिल्ह्यात नाही. आपण इथं फक्त मतदार आहोत, तेही कुणाचं तरी पारडं जड करायला.

पण कायदा अजून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि त्याला सरकारची पूर्वमान्यता लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा असला तरी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागतेच. हा कायदा कुणी दान दिलेला नाही. १९७० च्या दशकात भूमिसेनेसारख्या संघटना उभ्या राहिल्या, ठाण्या-पालघरचे आदिवासी रस्त्यावर आले, त्या दिवसांत १९७४ चे कायदे झाले.

मग कायदा असताना जमीन जाते कशी? तर अशी. आधी एजंट येतो. तो परका नसतो. बऱ्याचदा आपलाच असतो, भावकीतला, माजी सदस्य, नाहीतर पक्षाचा शाखाप्रमुख. लग्नाला, आजारपणाला पैसे देतो. पन्नास हजार, लाख. बदल्यात कोऱ्या स्टँपवर अंगठा घेतो. त्याची पुढे विसार पावती होते, साठेखत होतं, कुलमुखत्यारपत्र होतं. खरेदीखत होत नाही, म्हणून म्हातारा म्हणतो, "आपण कुठं जमीन विकलीय?" पण तारेचं कुंपण पडलेलं असतं, आणि आत जायला वॉचमनला विचारावं लागतं. पुढे वारस नोंदीच्या वेळी नावं गाळली जातात, खास करून बहिणींची. तक्रार करायला गेलं की साहेब विचारतो, "पैसे घेतले होते ना?" झालं. म्हाताऱ्याची मान खाली.

या साखळीत मोठा पैसा वरच्यांना मिळतो. आपल्यातल्या माणसाला मिळते दलाली आणि एखादी गाडी. पण तो नसेल तर साखळी पुरी होत नाही. कारण कुठल्या म्हाताऱ्याला पैशाची गरज आहे, कुठल्या घरात भावांचं पटत नाही, हे कंपनीच्या साहेबाला माहीत नसतं. ते आपल्याच माणसाला माहीत असतं.

आणि आता सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं की आदिवासींना आपली जमीन खाजगी लोकांना भाडेपट्ट्यानं देता येईल. सांगतात, तुमचाच फायदा, घरबसल्या भाडं. राज्यभरच्या आदिवासी संघटनांनी याला विरोध केलाय आणि आपलाही आहे. जिथं कायद्यानं बंदी असताना कोऱ्या स्टँपवर जमिनी गेल्या, तिथं कायद्यानंच दार उघडल्यावर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. भाडेपट्टा संपेल तेव्हा म्हातारा नसेल, पोरगं चाकणला असेल आणि बांध कुठं होता ते दाखवणारा कुणी उरला नसेल.

हे सगळं फक्त आपल्याच नशिबी आलंय असं मात्र नाही. दूर इराक, इराण, तुर्कस्तान, सीरिया या चार देशांत कुर्द नावाचे लोक राहतात. डोंगरातले लोक, स्वतःची भाषा असलेले. त्यांना स्वतःचा देश मिळाला नाही. १९८८ साली इराकमधल्या हलब्जा गावावर सद्दाम हुसेनच्या फौजेनं विषारी वायू टाकला. सुमारे पाच हजार माणसं एका दिवसात मेली. तरी ते लोक मोडले नाहीत. पुढे इराकच्या उत्तरेला त्यांचं स्वतःचं सरकार आलं, स्वतःची फौज, स्वतःची शाळा, स्वतःचं तेल. लोकांना वाटलं, आता आपले दिवस आले. पण सत्ता दोन पक्षांत आणि दोन घराण्यांत वाटली गेली, बारझानी आणि तालबानी. तेलाचा पैसा कुठं जातो ते लोकांना कळेना. मास्तरांचे, नर्सचे पगार महिनोन्‌महिने थकले. २०११ साली सुलेमानिया शहरात पोरं भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर आली तर त्यांच्यावर त्यांच्याच सरकारच्या लोकांनी गोळ्या झाडल्या. २०१७ च्या सप्टेंबरात स्वतंत्र देशासाठी सार्वमत झालं, शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांनी हो म्हटलं. महिन्याभरात किर्कुक शहर हातातून गेलं. आणि २०२१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सकडून इंग्लंडला जाणारी रबरी होडी बुडाली, किमान २७ माणसं मेली. त्यात बरेच जण इराकचे कुर्द होते. ज्यांच्या बापांनी विषारी वायू सोसून डोंगर सोडला नाही, त्यांची पोरं आपलंच राज्य सोडून होडीत बसली.

इतक्या लांबची गोष्ट इथं सांगायचं कारण एकच. शत्रूनं मारलं तेव्हा ते लोक एकत्र आले. आपल्याच माणसानं लुटलं तेव्हा घरं रिकामी झाली. कारण परक्यानं फसवलं तर माणूस चिडतो, आपल्यानं फसवलं तर माणूस गप्प होतो. आपल्या पोरांचं गप्प होणं हे त्यातलंच आहे. आपली होडी म्हणजे चाकणची खोली.

म्हणून "आपला माणूस निवडून द्या" एवढं म्हणून आता चालणार नाही. आपला माणूस पाहिजेच, त्यात वाद नाही. पण आपला आहे म्हणून त्याला हिशोब माफ, ही सवय मोडली पाहिजे. उलट आपला आहे म्हणून त्याच्याकडे हिशोब आधी. मामा आहे, काका आहे, आपल्या कुळाचा आहे, कसं विचारायचं? असंच विचारायचं, "मामा, बसा, पाणी घ्या, आणि रस्त्याचे पैसे कुठं गेले ते सांगा."

काही जण म्हणतील, विचारून काय होतं? होतं. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळचे शेतकरी बऊर इथं एक्सप्रेस वेवर उतरले. क्रांती दिन, आणि आपला आदिवासी दिनही तोच. पोलिसांनी गोळीबार केला. एक बाई आणि दोन पुरुष असे तीन जण गेले. ती किंमत फार मोठी होती आणि कुणाला परत मोजावी लागू नये. पण त्यानंतर त्या कामाला स्थगिती द्यावी लागली आणि पुढची कितीतरी वर्षं कुठल्याही पक्षाला ते पुढं रेटता आलं नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात आदिवासी मोठ्या संख्येनं होते, पाय फुटले होते, तरी परीक्षेच्या पोरांना त्रास नको म्हणून रात्री चालून मैदानावर पोचले. सरकारला वनहक्काचं लेखी आश्वासन द्यावं लागलं. सगळं पाळलं नाही हे खरं. पण दावे परत उघडले आणि लोकांना प्लॉट मिळाले हेही खरंच. आणि त्याही मागे जायचं तर १८७० च्या दशकात आपल्याच आंबेगावच्या जांभोरीचा होनाजी केंगले सावकारांविरुद्ध उठला होता. त्या काळी आपली जमीन सावकाराच्या कागदात अडकली होती. आज एजंटच्या कागदात अडकलीय. कागद बदलला, अंगठा आपलाच आहे.

मग करायचं काय? संघटनेच्या बैठकांत जे ठरलंय ते सोप्या शब्दांत इथं देतो.

एक. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा झालीच पाहिजे. तिचं प्रोसिडिंग बुक सभेतच वाचून घ्यायचं आणि नंतर सही करायची. घरी आणलेल्या रजिस्टरवर सही नाही, अंगठा नाही.

दोन. चाकण-भोसरीच्या पोरांनी ग्रामसभेची तारीख आधी विचारून त्या दिवशी गावी यायचं. एका गावचे चार-पाच जण मिळून एक गाडी केली तरी होतं. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे लोक हजर लागतात आणि त्यात एक तृतीयांश बाया लागतात. पोरं नसली की कोरम भरत नाही, दावा लटकतो.

तीन. खेड आणि मावळच्या गावांनी लक्षात ठेवायचं, पेसा नसला तरी वनहक्क कायदा आपल्याला लागू आहे. गावात वनहक्क समिती आहे का, सामूहिक दावा टाकलाय का, हे विचारा. नसेल तर संघटनेला कळवा.

चार. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपवर कुणीही सही करायची नाही. पैशाची नड असेल तर आधी गावात बोला. आधीच कागद झाला असेल तर लाजून बसू नका. पैसे घेतले म्हणून बेकायदा व्यवहार कायदेशीर होत नाही. बेकायदा गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे.

पाच. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, आपला असो नाहीतर परका, वाडीवर सगळ्यांसमोर तीन प्रश्न विचारायचे. भाडेपट्ट्याला तुझा विरोध आहे का? खेड-मावळच्या आदिवासी गावांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश व्हावा म्हणून काय करणार? आणि दर सहा महिन्यांनी वाडीवर येऊन खर्चाचा हिशोब देणार का? उत्तर वहीत लिहायचं, खाली त्याची सही घ्यायची. सही करायला जो घाबरेल त्याचं उत्तर आपल्याला मिळालंच.

सहा. मताचे पैसे घ्यायचे नाहीत. हे सांगणं सोपं आहे, घरात तेल-मीठ नसताना पाळणं अवघड आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण हिशोब करा. दोन हजार रुपये आणि पाच वर्षं. दिवसाला एक रुपया आणि थोडे पैसे. तेवढ्यात आपण त्याला विचारायचा हक्क विकतो. त्यानं एकदा पैसे दिले की पाच वर्षं तो म्हणतो, "तुमचे तुम्हाला मिळाले ना?" जमिनीच्या वेळी साहेब जे म्हणतो, तेच.

यानं उद्या सगळं बदलेल असं आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षं गेलेला विश्वास एका निवडणुकीत परत येत नाही. पण एखाद्या वाडीत एका जरी सदस्यानं उभं राहून खर्चाचा कागद वाचून दाखवला, तर खोलीवर बसलेल्या पोरापर्यंत ती बातमी जाईल. तो एकदा तरी म्हणेल, "आमच्या गावात असं झालं." तिथनं सुरुवात.

हा अंक वाचून झाला की खिशात ठेवू नका. खोलीवर, शिफ्टच्या बसमध्ये, वाडीवर पुढे द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. भाडेपट्ट्याच्या विरोधातले ग्रामसभांचे ठराव गोळा करायचं काम चालू आहे. आपल्या गावचा ठराव झाला असेल तर त्याची नक्कल कार्यकर्त्याकडे द्या. झाला नसेल तर पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय तोच घ्या.

जमीन आमच्या हक्काची, हिशोब आमच्या हक्काचा!

जोहार! जिंदाबाद!